बाईंनी सांगितलं नाही, मग मुलीला कुणी शिकवलं?

प्रश्न : आमची मुलगी दुसरीत आहे. परवा गृहपाठ करता करता सहज म्हणाली, "गणित मुलांना चांगलं येतं, मुलींचं अक्षर चांगलं असतं." आम्ही दोघंही चकित झालो. घरात हिशेब तिची आईच बघते, नोकरीही बँकेत करते. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला विचारलं, तर त्याही दचकल्या. "मी वर्गात असं कधीच बोलत नाही," म्हणाल्या, आणि त्या खरं बोलत होत्या असं वाटलं. घरी कुणी शिकवलं नाही, शाळेत कुणी शिकवलं नाही, मग हे आलं कुठून? लहान मुलांच्या मनावर शिक्षकांचा पगडा असतो म्हणतात, तो नेमका किती खरा? (एक पालक, सांगली)

उत्तर : तुमचा तिढा असा, की मुलीच्या तोंडी एक वाक्य आहे, पण ते वाक्य उच्चारणारा मोठा माणूस सापडत नाही. म्हणून तुम्ही शोधाशोध करताय. पण असा माणूस मुळात असायलाच हवा, हे कशावरून? सहासात वर्षांची मुलं बरीचशी मतं ऐकून घेत नाहीत, पाहून बनवतात. बाईंवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या तसं बोलल्या नसतील, आणि तरीही मुलीच्या मताशी वर्गाचा संबंध असू शकतो.

आधी वयाचं पाहू. अमेरिकेत लिन बियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलामुलींना एका 'अतिशय हुशार' माणसाची गोष्ट सांगितली आणि काही चित्रांमधून तो माणूस ओळखायला सांगितलं. गोष्टीत तो बाई की बाप्या, हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. पाच वर्षांच्या मुलींनी बाईचं चित्र निवडलं आणि मुलग्यांनी पुरुषाचं, दोघांनीही सारख्याच उत्साहानं. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र मुली स्वतःच्या बाजूनं कमी बोट दाखवू लागल्या. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यातली खरी मौज पुढे आहे. शाळेत चांगले गुण कुणाला मिळतात, असं विचारल्यावर याच मुलींनी 'मुलींना' असं सांगितलं. म्हणजे गुण आमचे, पण हुशारी त्यांची! तुमच्या मुलीचं वाक्यही याच जातीचं आहे. तिनं मुलींना नालायक ठरवलेलं नाही, फक्त वाटणी केली आहे.

आता ही वाटणी पहिली-दुसरीतच का होते? या वयात मूल पहिल्यांदा अशा ठिकाणी बराच वेळ काढतं, जिथले नियम घरचे नसतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं गेलं पाहिजे. एवढा वेळ मूल नव्या सुनेसारखं वावरतं. सासरी कुणी नियमांची यादी हातात देत नाही. कोण आधी जेवायला बसतं, कुणाचं बोलणं मध्ये तोडलं जातं, कुणाला काम सांगितलं जातं, यावरून तिनं सगळं ओळखायचं असतं. मूलही तसंच ओळखतं, आणि ओळखताना त्याचं लक्ष सगळ्यात जास्त असतं ते वर्गातल्या मुख्य माणसाकडे, म्हणजे बाईंकडे किंवा गुरुजींकडे.

मग त्याला दिसतं काय? आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत हजेरीपटावर आधी सगळ्या मुलग्यांची नावं आणि मग मुलींची. परिपाठाला दोन रांगा, एक मुलांची आणि एक मुलींची. बाक हलवायचे असले की "चला रे, दोघं-चौघं या." पाहुणे येणार असले की रांगोळी, औक्षण आणि पुष्पगुच्छ मुलींकडे. यात कुणाचाही अपमान नाही, कुणाच्या मनात वाईट नाही. शिस्त लागावी, काम पटकन उरकावं, एवढाच हेतू. पण दिवसातून दहा वेळा वर्गाचे तेच दोन भाग पडताना मूल पाहतं, आणि हा भेद महत्त्वाचा असला पाहिजे असं धरून चालतं.

हा नुसता तर्क नाही, याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी बालवाडीच्या काही वर्गांत दोन आठवडे शिक्षिकांना एवढंच करायला लावलं, की रांग लावताना, कामं वाटताना, हाक मारताना मुलगे आणि मुली असे गट वापरायचे. मुलगे असे असतात, मुली तशा असतात, असं काही बोलायचं नाही. दोनच आठवड्यांत या वर्गांतल्या मुलांची 'हे मुलांचं काम, ते मुलींचं' अशी मतं वाढली आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले. ज्या वर्गांत असे गट वापरले नाहीत, तिथे तसं झालं नाही.

यावर कुणी म्हणेल, मुलगे-मुली हा भेद तर घरीदारी दिसतोच, शाळेनं त्यात काय भर घातली? ही शंका रास्त आहे आणि रिबेका बिगलर यांच्या एका प्रयोगात तिचं उत्तर मिळतं. त्यांनी उन्हाळी वर्गातल्या मुलांना दोन रंगांचे टी-शर्ट वाटले, म्हणजे मुळात काहीही अर्थ नसलेला भेद घेतला. काही वर्गांत शिक्षकांनी या रंगांवरून रांगा लावल्या, बसायच्या जागा ठरवल्या. काही वर्गांत टी-शर्ट अंगावर होते, पण शिक्षकांनी त्यांची दखलच घेतली नाही. पहिल्या वर्गांतली मुलं काही आठवड्यांत 'आमचा रंग भारी' म्हणू लागली. दुसऱ्या वर्गांत असं काही घडलं नाही. रंग दोन्हीकडे डोळ्यांना सारखेच दिसत होते. फरक एवढाच, की एकीकडे वर्गातल्या मोठ्या माणसानं त्या रंगांचा वापर केला. शिक्षकांचा पगडा म्हणतात तो इथे दिसतो. समोर दिसणाऱ्या अनेक भेदांपैकी कुठला भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, हे मुलं शिक्षकांवरून ठरवतात.

आणखी एक पायरी राहिली. भेद लक्षात आल्यावर मूल त्याचं कारण शोधतं, आणि लहान मुलांना कारण माणसाच्या आत सापडतं, व्यवस्थेत नाही. बाक मुलगे उचलतात, कारण बाईंनी त्यांना हाक मारली, हे खरं कारण. मुलाच्या हिशेबात मात्र मुलगे बळकट असतात म्हणून ते उचलतात. दुसरीतली मुलं-मुली ताकदीनं जवळजवळ सारखीच असतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, आणि ती फक्त मुलामुलींपुरतीही नाही. साताऱ्याच्या शाळेतल्या आपल्या दिवसांबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि रोज परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावायला तयार नसे. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. या आठवणी आपण नेहमी त्या एका मुलाच्या बाजूनं वाचतो, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या प्रश्नापुरतं जरा वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे पाहा. अस्पृश्यता हा काही पाठ्यपुस्तकातला धडा नव्हता. गुरुजींनी त्यावर एक वाक्यही बोलायची गरज नव्हती. गोणपाट कुठे अंथरलं जातं आणि नळाला कोण हात लावतं, एवढं रोज दिसत होतं, आणि ते पुरेसं होतं.

बसण्याच्या जागांपेक्षाही सूक्ष्म अशी गोष्ट म्हणजे चेहरा. वॉशिंग्टन विद्यापीठात चारपाच वर्षांच्या मुलांना एक चित्रफीत दाखवली गेली. त्यात एक बाई दोन व्यक्तींशी शब्दशः तेच बोलतात. एकीशी हसून, जरा पुढे झुकून. दुसरीशी कपाळाला आठ्या घालून, मागे सरकून. मग विचारलं, खेळणं कुणाला द्यायचं? बहुतेक मुलांचा कौल जिच्याशी हसून बोललं गेलं तिच्या बाजूनं गेला. बाईंच्या शब्दांत काहीच फरक नव्हता, तो केवळ आविर्भावात होता. वर्गातही एकाचं उत्तर चुकलं की "अरे, पुन्हा बघ, येईल तुला" म्हणून थांबणाऱ्या बाई दुसऱ्याचं चुकलं की न बोलता पुढच्याकडे वळतात. हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मागच्या बाकावरच्या पोराच्या मात्र बरोबर येतं.

आता थेट गणिताकडे. शिकागो विद्यापीठाच्या सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गांतली मुलं यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती. वर्षाच्या सुरुवातीला या धास्तीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध दिसला नाही. वर्षाअखेरीस मात्र जिच्या बाईंना जास्त धास्ती, ती मुलगी 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' असं म्हणण्याची शक्यता जास्त, आणि असं म्हणणाऱ्या मुली गणितात मागे पडलेल्या. मुलग्यांवर असा परिणाम आढळला नाही. बाईंची धास्ती मुलीच उचलतात, कारण बाईंमध्ये त्या मोठेपणीच्या स्वतःला पाहतात, असा संशोधकांचा कयास आहे. सतराच शिक्षिकांचा अभ्यास आहे, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण तुमच्या मुलीचं वाक्य त्यात जवळजवळ जसंच्या तसं आलं आहे.

माझं स्वतःचं एक निरीक्षण जोडतो. पालकसभेत कान देऊन ऐका. मुलग्याच्या पालकांना सांगितलं जातं, "डोकं आहे हो, पण अभ्यास करत नाही." मुलीच्या पालकांना, "मेहनती आहे, वही अगदी नीटनेटकी." दोन्ही कौतुकंच आहेत. पण एकात हुशारी गृहीत धरली आहे आणि दुसऱ्यात ती विषयातच नाही. सभेला मुलं बरोबर असतात, आणि ती काही बहिरी नसतात.

याचा अर्थ सगळं खापर शाळेवर फोडावं असाही नाही. दूरदर्शनवरच्या जाहिराती आहेत, आत्या-मामा आहेत, शेजारच्या इमारतीतली मोठी मुलं आहेत. शाळेत उलट्या दिशेनंही काही घडतं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारा पुरुष आणि वाहतूक पोलीस असलेली स्त्री अशी चित्रं घातली, तेव्हा त्यांची बातमी झाली होती. पुस्तकातलं चित्र चांगलंच. मात्र ते पान शिकवून झाल्यावर "आता मुलींनो, वर्ग झाडून घ्या" असं ऐकू आलं, तर मूल चित्रावर विश्वास ठेवेल की झाडूवर, हे सांगायला नको.

तुम्ही करायचं काय? पहिला मोह होईल तो मुलीला समजावण्याचा : "अगं, मुलीसुद्धा गणितात मुलांइतक्याच हुशार असतात." हे टाळा. एलेनॉर चेस्टनट आणि एलेन मार्कमन यांनी प्रौढ माणसांवर ही वाक्यरचना तपासली आहे. 'अमुक हे तमुकाइतके चांगले आहेत' असं ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात तमुक हेच मूळ माप ठरतं आणि मुळात तेच चांगले असावेत असा ग्रह होतो. त्यापेक्षा मुलींचा विषयच काढू नका. आईनं बँकेतला एखादा हिशेब तिच्यासमोर मोठ्यानं बोलत करावा, तिला त्यातली एक बेरीज द्यावी. बाईंना पुन्हा भेटलात तर "तुम्ही काय बोलता?" हा प्रश्न नको, त्यानं माणूस बचावाचाच पवित्रा घेतो. हजेरी एकत्र वर्णानुक्रमे लावता येईल का, रांगा उंचीनुसार करता येतील का, फळ्यावर गणित सोडवायला रोल नंबरानं बोलावता येईल का, एवढंच विचारा. यात कुणावर आरोप नाही आणि खर्च शून्य आहे.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या प्रशिक्षणांत एक प्रयोग नेहमी सांगत. काही सामान्य मुलांना शिक्षकांसमोर 'हुशार' ठरवलं आणि ती वर्षभरात खरोखर हुशार झाली. तीसपस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असा चमत्कार काही दिसला नाही. प्रयोग खरा की दंतकथा? (एक वाचक, परभणी)

उत्तर : प्रयोग खरा आहे, चमत्कार पुढे व्याख्यानांतून वाढत गेला. रॉबर्ट रोझेनथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत तो केला आणि १९६८ साली त्याचं पुस्तक आलं. मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं, की ही ठरावीक मुलं यंदा झेप घेतील. ती साधारण पाचातलं एक मूल या प्रमाणात केवळ चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेरीस त्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेला आढळला.

व्याख्यानात गाळला जातो तो पुढचा भाग. ही वाढ ठळकपणे दिसली ती फक्त पहिली आणि दुसरीत. वरच्या वर्गांत म्हणण्यासारखं काही नव्हतं. शिवाय वापरलेली चाचणी सगळ्यात लहान मुलांना नीट लागू पडत नाही, त्यांचे काही आकडे विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, अशी टीका त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी केली. ती आजही खोडून निघालेली नाही. पुढच्या अनेक अभ्यासांचा मिळून निष्कर्ष असा, की शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम होतो, पण सहसा लहान असतो. बऱ्याचदा तर शिक्षकांचा अंदाज खरा ठरतो तो निव्वळ अंदाज बरोबर असतो म्हणून. तुम्हाला चमत्कार दिसला नाही, यात नवल नाही.

पण म्हणून विषय मिटत नाही. ज्यांच्याकडे समाज आधीच कमी लेखून पाहतो, अशा मुलांवर हा परिणाम जास्त होतो असं दिसतं. आपल्या देशातली दोन कामं सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा उच्च आणि दलित जातींतली मुलं बरोबरीनं कोडी सोडवत होती. सुरुवातीला सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव आणि जात मोठ्यानं वाचल्यावर दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्शानं घसरली. कोडी तीच होती आणि मुलांची कुवतही तेवढीच. 'ढ' म्हणणं तर सोडाच, कुणी वाकडा शब्दही बोललं नव्हतं.

दुसरं काम पेपर तपासणीचं. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय वगैरे माहिती मनाला येईल तशी चिकटवून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा शिक्का असलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक अगदी थोडा होता, आणि त्या शिक्षकांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगलीच्या बाईंसारखंच उत्तर दिलं असतं. विशेष म्हणजे असे गुण कापणारे प्रामुख्यानं स्वतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींतलेच शिक्षक होते. तेव्हा ही बाब चांगल्या-वाईट माणसांची आहे, हा समज सोडलेला बरा.

तुमच्या उपयोगाचा सगळ्यात रंजक धागा स्टीफन रॉडेनबुश यांनी १९८४ मध्ये शोधला. रोझेनथालसारखे प्रयोग कुठे यशस्वी झाले आणि कुठे फसले, हे त्यांनी एकत्र मांडून पाहिलं. शिक्षक मुलांना आधीपासून किती दिवस ओळखत होते, यावर सगळं अवलंबून निघालं. ओळख नवी असेल तर बाहेरून सांगितलेलं मत चिकटतं. शिक्षकांनी मुलांना साधारण दोन आठवड्यांहून जास्त स्वतः पाहिलं असेल, तर कुणी काही सांगो, ते स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात. तुम्ही मुलांना चांगलं ओळखत होता, म्हणूनच बहुधा तुमच्या वर्गात कुणाच्या भाकितांचं काही चाललं नाही.

आता जूनमधली शिक्षक खोली आठवा. वर्ग हाती येतो त्याच दिवशी आधीचे वर्गशिक्षक चहा पिता पिता सांगतात, "त्या तिसऱ्या बाकावरच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, त्याचा थोरला भाऊही तसलाच होता." मत चिकटण्याचे जे दोन आठवडे, नेमक्या त्याच दिवसांत ते हातात पडतं. तुमच्या गावातल्या तरुण शिक्षकांना सांगायचंच असेल तर एवढं सांगा, की आधीच्या बाईंकडून मुलांबद्दलची मतं जुलै उजाडल्यावर घ्यावीत. कुणाला चष्मा लागतो, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला फिट येते, एवढं मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.